पुढच्या अंकात तो आहे का?

1996 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझा मित्र नागपूरला शिकत होता आणि मंडईच्या जत्रेसाठी गावी आला होता. त्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक इंग्रजी कॉमिक होतं. बर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला ते सापडलं होतं. कव्हरचा एक कोपरा उडालेला, पिना गंजलेल्या. भंडाऱ्यात खांब तलावाच्या काठावर आम्ही बसलो. त्यानं वर्तमानपत्र उलगडलं आणि आतलं एक पान काढून माझ्यापुढे धरलं. 'अल्फा फ्लाइट' या मालिकेचा तो 106 वा अंक. दोन वीर एकमेकांना बुकलत होते आणि त्या मारामारीतच त्यातला एक, नॉर्थस्टार, समोरच्याला ठणकावून सांगत होता की आपण समलिंगी आहोत.

मी ते पान दोनदा वाचलं. काय बोलावं ते सुचेना. मित्रानं कॉमिक पुन्हा गुंडाळलं आणि विचारलं, "फुडच्या अंकात हाय का गा हा?"

मला वाटलं, कथेचं पुढे काय होतं ते त्याला हवंय. बर्डीवर पुढचा अंक मिळाला तर बघू, असं काहीतरी मी म्हणालो. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली. हे सांगून झाल्यावरही हा माणूस गोष्टीत राहतो का, असं तो विचारत होता. की एकदा खरं बोलला म्हणून त्याला काढून टाकतात?

तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हतं. हे पुस्तक त्या उत्तराच्या शोधातून झालं. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी पात्रं कशी आली, कुणी त्यांना अडवलं, कुणी लपवून आत घेतलं आणि आल्यावर त्यांचं काय झालं, हे मराठी वाचकाला सांगावं, एवढाच माझा हेतू. कॉमिक्स कधीच न वाचलेल्या वाचकालाही हे लेख वाचता यावेत म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आमच्या पिढीचा सुपरहिरो म्हणजे वेताळ. ली फॉकनं 1936 मध्ये जन्माला घातलेला 'फँटम' इंद्रजाल कॉमिक्सनं 1964 पासून भारतात घरोघर पोचवला आणि मराठीत तो वेताळ झाला. भंडाऱ्याच्या ज्या गल्लीत पितळी भांड्यांवर दिवसभर ठोके पडत, तिथल्या एका दुकानात कॉमिक्स भाड्यानं मिळत. चार आण्यांना एक अंक, तोही दुकानाच्या पायरीवर बसूनच वाचायचा. वेताळाचा बुरखा कधी उतरला नाही, त्याचा चेहरा आम्हाला कधी दिसला नाही. तोच तर आनंद होता. मंडईच्या दिवशी गावातली सगळी पोट्टी गमछा डोळ्यांवर बांधून वेताळ व्हायची.

पुढे सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन भेटले. या सगळ्यांच्या पोशाखांखाली गोष्ट एकच आहे. एक माणूस आहे. त्याच्यात काहीतरी वेगळं आहे. ते कुणाला कळलं तर घरच्यांवर संकट येईल, म्हणून तो ते लपवतो. दिवसा सगळ्यांसारखा नोकरीला जातो, चष्मा लावतो, चारचौघांत गप्प राहतो. ज्या जिवलगांशी तो खोटं बोलतो, त्यांच्यावरच त्याचं सर्वांत जास्त प्रेम असतं. कधीतरी एका माणसाला तरी सांगावं, असं त्याला सारखं वाटत राहतं. समलिंगी मुलामुलींना या गोष्टींत स्वतःचं घर सापडलं यात नवल नाही. ज्या काळात त्यांच्याबद्दल एक ओळ छापायला बंदी होती, त्या काळातही ही मुलं साध्या वेशातल्या सुपरमॅनचा, म्हणजे क्लार्क केंटचा, चष्मा बघून जे ओळखायचं ते ओळखत होती.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. विराटपर्व दुसरं काय सांगतं? शस्त्रं शमीच्या झाडावर बांधून ठेवायची, नावं बदलायची आणि एक वर्ष ओळख लपवून राजाच्या वाड्यात चाकरी करायची. चिखलदऱ्याला गेलेल्या माणसाला कीचकदरा दाखवतातच. भीमानं कीचकाला इथेच मारलं, असं आपल्या विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याच वाड्यात अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेला नृत्य शिकवत होता. महाभारतातला सर्वांत मोठा धनुर्धर वर्षभर बायकांच्या महालात वेणी घालून राहिला आणि आपल्या आजीनं ती कथा आपल्याला न अडखळता सांगितली. म्हणून मी आनंद मानतो, पण त्यावर फार मोठी इमारत बांधत नाही. 'आपल्या संस्कृतीत हे सगळं आधीपासून होतंच' असं म्हणून पुष्कळ लोक विषय संपवतात. बृहन्नडा वर्ष संपेपर्यंतच आहे. मुदत सरते, शमीवरचं गांडीव खाली येतं आणि पुन्हा अर्जुनच उरतो. ज्याची मुदत सरत नाही, तो शिखंडी. त्याचं नाव आपण घरात कशासाठी वापरतो, ते प्रत्येकानं आठवून पाहावं.

मुदतीपुरतं चालतं, त्यापुढे नाही, हे मला पहिल्यांदा जाणवलं ते खडी गंमतीत. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग, म्हणजे आमची झाडीपट्टी. धान कापणीला आला, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. खडी गंमतीत सगळे उभ्यानंच गातात, नाचतात. शाहीर असतो, ढोलकी असते, तुणतुणं असतं आणि लुगडं नेसून नाचणारा पुरुष असतो. त्याला नाच्या म्हणतात. लाखांदूरकडच्या एका गावात मी दहा-अकरा वर्षांचा असताना पाहिलेला एक नाच्या मला अजून दिसतो. त्याच्या हाताला एक लय होती. पदर सावरताना, कपाळावरची बट मागे सारताना तो सोंग करतोय असं वाटतच नव्हतं. उलट तो खेळाआधी सदरा-लेंगा घालून चहाच्या टपरीवर उभा होता, ते सोंग वाटत होतं. म्हाताऱ्या बाया कौतुकानं त्याच्या हातात नोट देत होत्या. सगळं गाव त्याच्यावर खूश होतं.

खेळ संपला. बोरिंगवर तो तोंड धुवायला गेला. लुगड्याची नीट चौकोनी घडी करून त्यानं ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली, वर बांगड्या रुमालात बांधून ठेवल्या. काजळ मात्र निघत नव्हतं. डोळ्यांत काजळ तसंच ठेवून तो बसथांब्याकडे चालला आणि मगाशी टाळ्या वाजवणारी पोट्टी त्याच्यामागे लागली. जे शब्द त्याच्यावर फेकले गेले, त्यातला एक 'बायल्या'. मीही त्या पोट्ट्यांत होतो. मी काही फेकलं नाही, पण हसलो होतो. तो वळला नाही. चालण्याचा वेगही त्यानं वाढवला नाही.

मंडपात चालतं, बसथांब्यावर चालत नाही. माझ्या मनात या विषयाची सुरुवात तिथे झाली. तो माणूस समलिंगी होता का, पारलिंगी होता, की पोटासाठी नाचणारा एक उत्तम कलावंत होता, हे मला ठाऊक नाही आणि ते ठरवायचा मला अधिकारही नाही. पण आमच्याकडे तेव्हा या माणसांसाठी शिव्यांखेरीज शब्दच नव्हते, हे खरं आहे. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी हे शब्द मी पुष्कळ नंतर शिकलो. या पुस्तकात तेच वापरले आहेत. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून 'क्विअर' म्हणतात, तोही शब्द मराठीत आता रुळू लागला आहे.

आता अमेरिकेकडे वळू. तिथली बंदी ही नुसती समाजाची कुजबुज नव्हती, तो कागदावर लिहिलेला नियम होता. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं 1954 मध्ये 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक लिहिलं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असा त्याचा दावा होता. बॅटमॅन आणि रॉबिन एका मोठ्या घरात, फुलदाण्यांच्या सोबतीनं, बाईशिवाय राहतात, ही समलिंगी पुरुषांची स्वप्नं आहेत, असं त्यानं लिहिलं. वंडर वूमनवरही तसाच आरोप केला. पुढे कॅरल टिली या संशोधिकेनं वर्थमची मूळ टिपणं तपासली तेव्हा कळलं की रुग्णांच्या जबान्यांमधलं सोयीचं तेवढं त्यानं ठेवलं होतं आणि गैरसोयीचं गाळलं होतं. पण 1954 मध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःहून 'कॉमिक्स कोड' केला. समलिंगी संबंधांना तेव्हा 'लैंगिक विकृती' म्हणत. तिचा नुसता सूचक उल्लेखही कॉमिक्समध्ये येता कामा नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कव्हरवर कोडचा शिक्का नसेल तर विक्रेते अंक दुकानात ठेवत नसत. ही अट 1989 मध्ये सैल झाली. पस्तीस वर्षं!

या पस्तीस वर्षांत काय काय घडलं, त्याचं एकच उदाहरण देतो, कारण ते मला फार बोलकं वाटतं. वर्थमच्या आरोपानंतर दोन वर्षांनी, 1956 मध्ये, बॅटमॅनच्या जगात बॅटवूमन आली. कॅथी केन तिचं नाव. बॅटमॅनला एक प्रेयसी असली की लोकांची तोंडं बंद होतील, यासाठीच ती आणली गेली, असं कॉमिक्सचे बहुतेक अभ्यासक मानतात. संशय झाकायला आणलेली बाई. असं लग्न आपण ओळखतो. मुलाचं लक्षण बरं दिसत नाही, लग्न करून टाका, सुधारेल. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत अशी लग्नं लागली असतील आणि त्या नवऱ्यामुलींचं पुढे काय झालं असेल? कॅथी केनला तर 1964 मध्ये कथेतूनच काढलं. तिचं काम संपलं होतं.

आणि पहिल्या बॅटवूमननंतर बरोबर पन्नास वर्षांनी, 2006 मध्ये, डीसी कंपनीनं बॅटवूमन परत आणली. नाव केट केन. ही केट समलिंगी होती. झाकण म्हणून जे नाव वापरलं गेलं, तेच नाव उघडं होऊन परत आलं. ग्रेग रका यांच्या लेखणीतून आणि जे. एच. विल्यम्स यांच्या चित्रांतून 2009-10 मध्ये तिची जी कथा आली, तिच्यावर या पुस्तकात एक संपूर्ण लेख आहे. केट लष्करी अकादमीतली हुशार विद्यार्थिनी. तिचं एका मुलीवर प्रेम आहे, हे वरिष्ठांच्या कानावर जातं. अमेरिकन सैन्यात तेव्हा नियम होता की समलिंगी माणसानं गप्प राहायचं; विचारणार नाही, तूही सांगू नकोस. वरिष्ठ तिला वाट काढून देतो. म्हण की हे खोटं आहे, म्हणजे प्रकरण मिटेल. केट तसं म्हणत नाही. तिनं शपथ घेतलेली असते की खोटं बोलणार नाही. ती बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवते आणि वर्दीला मुकते. पुढे तिला मुखवटा घ्यावा लागतो तो यामुळे. सैन्यातला तो नियम 2011 मध्ये रद्द झाला. आपल्याकडे 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कलम 377 मधून समलिंगी संबंध वगळले, 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 ला पुन्हा स्वातंत्र्य दिलं. चार वर्षं नऊ महिने देशातली लाखो माणसं पुन्हा गुन्हेगार होती. केटची अंगठी मी ज्या वर्षांत पुन्हापुन्हा पाहिली ती हीच वर्षं.

आता नॉर्थस्टार. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच आयुष्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जाँ-पॉल बोबिए हा कॅनडातल्या क्विबेकचा, बर्फावरच्या स्कीइंगचा विजेता, विलक्षण वेगानं उडणारा. क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी 1979 मध्ये 'एक्स-मेन'मध्ये त्याला आणलं. बर्ननं पुढे सांगितलं की हा समलिंगी आहे, असं त्याच्या मनात पहिल्यापासून होतं. पण कोड होता आणि मार्व्हल कंपनीच्या संपादकांचाही विरोध होता. मग इशारे. त्याला बायकांत रस नाही, एका जुन्या पुरुष मित्राशी त्याचं वेगळं नातं आहे. समजणाऱ्यानं समजावं. 1987 च्या सुमारास बिल मँटलो या लेखकानं त्याला आजारी पाडलं. वाचकांना कळलं की हा एड्स आहे. पण वरून अडवलं गेलं आणि खुलासा असा आला की तो एल्फ नावाच्या अद्भुत वंशाचा आहे आणि आपल्या लोकापासून दूर राहिल्यामुळे आजारी पडला आहे. वाचताना मला संताप आला होता. माणूस म्हणून त्याला जे असायचं होतं ते असू देण्यापेक्षा त्याला माणूसच न ठेवणं त्यांना सोपं वाटलं.

1992 चा मार्च. स्कॉट लॉबडेलनं लिहिलेला 106 वा अंक. नॉर्थस्टारला कचऱ्यात टाकलेली एक तान्ही मुलगी सापडते. तिला जन्मतःच एड्स आहे. तो तिला दत्तक घेतो. सगळा देश त्या बाळासाठी हळहळतो. तेव्हा एक म्हातारा वीर, दुसऱ्या महायुद्धातला, रागानं वेडा होऊन दवाखान्यावर चालून येतो. त्याचा मुलगा समलिंगी होता आणि एड्सनं मेला. त्याच्यासाठी कुणी रडलं नव्हतं. या मुलीला सगळे निष्पाप म्हणतात, मग माझा मुलगा काय पापी होता? या बापाच्या दुःखाशी लढताना नॉर्थस्टार स्वतःबद्दल बोलतो. खांब तलावावर मी फक्त त्याचं वाक्य वाचलं होतं. त्या म्हाताऱ्या बापाचं दुःख मला दिसलं ते स्वतःला मुलं झाल्यावर. चित्रं बटबटीत आहेत, संवाद भाषणासारखे आहेत, तरी त्या एका प्रश्नासाठी मी तो अंक थोर मानतो.

मग पुढच्या अंकात तो होता का? होता. पण कसा? बोलला आणि जवळजवळ गप्प बसवला गेला. 1994 मध्ये त्याच्या नावाची चार अंकांची स्वतंत्र मालिका निघाली, पण त्याच्या समलिंगी असण्याला तिच्यात जागा नव्हती. 'अल्फा फ्लाइट' त्याच वर्षी बंद पडलं. पुढे तो एक्स-मेनमध्ये आला, 2005 मध्ये तिथल्याच वुल्व्हरिनच्या हातून मारला गेला, मग परत जिवंत केला गेला. मरून परत येणं हे सुपरहिरोंना नवं नाही, पण समलिंगी वाचकांनी हे मरण मोजून ठेवलं होतं. आणि 2012 मध्ये, 'अस्टॉनिशिंग एक्स-मेन'च्या 51 व्या अंकात, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचं आपल्या जोडीदाराशी, काइलशी, लग्न लागलं. मार्जोरी ल्यू यांनी ते लिहिलं. न्यूयॉर्क राज्यात असं लग्न कायदेशीर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पहिल्यांदा आला तेव्हापासून लग्नापर्यंत तेहतीस वर्षं.

माझं म्हणणं इथे येतं. समलिंगी पात्र एकदा येणं, त्याच्यावर बातमी होणं, याला मी प्रतिनिधित्व मानत नाही. तो पुढच्या अंकात आहे का, त्याच्या पुढच्या आहे का, आणि तिथे त्याला भांडायला, चुकायला, भाजी आणायला, म्हातारं व्हायला जागा आहे का, हे मी बघतो. आणि यासाठीच मला सुपरहिरो कॉमिक्स मोलाची वाटतात. कादंबरी संपते, नाटकावर पडदा पडतो. मराठीत तेंडुलकरांनी 1981 मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आणलं, तेव्हा असं धाडस देशात फार थोड्यांनी केलं होतं. पण त्याची नायिका सुमित्रा देव शेवटी जीव देते. पडदा पडल्यावर तिच्यासाठी पुढचा प्रवेश नाही. कॉमिक दर महिन्याला निघतं. पुढच्या महिन्यात त्या पात्राचं काय करायचं, हा प्रश्न लेखकाला टाळता येत नाही. टाळला तर वाचक पत्र लिहून विचारतात.

आणि टाळणारे पुष्कळ टाळतात, हेही या पुस्तकात आहे. 'यंग अव्हेंजर्स'मधले विकन आणि हल्कलिंग हे दोन कोवळे पोरगे 2005 पासून एकमेकांच्या प्रेमात आहेत. एका चौकटीत त्यांना ओठांवर ओठ ठेवायला 2012 उजाडावं लागलं. तोवर कॉमिक्सच्या पानोपानी शहरं उद्ध्वस्त होत होती, माणसं चिरडली जात होती, त्याला कुणाची हरकत नव्हती. बॅटवूमनला तिच्या मैत्रिणीशी लग्न करू द्यायला कंपनीनं 2013 मध्ये नकार दिला, तेव्हा लेखकांची जोडी मालिका सोडून गेली. सुपरहिरोंनी संसारात सुखी असू नये, हे कंपनीचं धोरण असल्याचं सांगितलं गेलं. मला ते कारण पटलेलं नाही.

एका पात्राबद्दल माझं या विषयावरच्या पुष्कळ जाणत्यांशी भांडण आहे. आइसमन, 1963 च्या मूळ पाच एक्स-मेनपैकी एक. 2015 मध्ये तो समलिंगी असल्याचं उघड झालं आणि सर्वत्र स्वागत झालं. पण ते उघड कसं झालं? जीन ग्रे दुसऱ्याच्या मनातलं वाचू शकते. तिनं त्याचं मन वाचलं आणि त्यालाच सांगितलं की तू समलिंगी आहेस. प्रेमानं सांगितलं, मान्य. तरी जे त्याचं होतं ते तिनं उचललं. लहान गावात राहणाऱ्याला हे झोंबल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे जीन ग्रेची काय कमी? पानठेल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या पोराच्या मनातलं वाचता येतं आणि ते त्याच्या बापाच्या कानावर घालायची घाईही असते. मित्राच्या बाबतीत तसंच झालं. कुणी, कसं, ते लिहीत नाही. तो नागपूरला होता तो पुण्याला गेला आणि मंडईला यायचा बंद झाला.

आपल्याकडच्या कॉमिक्सचं काय? नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा हे मी आवडीनं वाचले. त्यांच्यात असा नायक माझ्या वाचनात आला नाही. पण 2008 मध्ये 'कारी' आली. अमृता पाटील यांचं नाव मराठी, जन्म पुण्याचा, कलाशिक्षण गोव्याचं, पुस्तक इंग्रजी. कारी आणि रूथ या दोन प्रेयसी इमारतींवरून उड्या टाकतात, इथून पुस्तक सुरू होतं. रूथला जाळी वाचवते आणि ती शहर सोडून निघून जाते. कारीला गटार वाचवतं. ज्या घाण पाण्यानं तिला झेललं, त्याचं ऋण म्हणून ती रात्री होडी घेऊन त्या काळ्या पाण्यात उतरते, शहराच्या नसा मोकळ्या करते आणि दिवसा जाहिरात कंपनीत नोकरी करते. अंगावर केप नसली तरी मी कारीला सुपरहिरो मानतो आणि या पुस्तकात तिला बॅटवूमनच्या शेजारी बसवलं आहे. 'मित्राची गोष्ट' जिथे संपली, तिथून पुढे कारी चालू लागते. ती मरत नाही. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. 'कारी' मराठीत यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

समलिंगी पात्रांचं हे परदेशी खूळ आहे आणि कंपन्या पैशासाठी करतात, असं मला सांगितलं जातं. पैशासाठी करतात हे खरं आहे. सुपरमॅनचा मुलगा जॉन केंट उभयलिंगी आहे, हे डीसीनं 2021 मध्ये जाहीर केलं ते प्रसिद्धीला सोयीचा दिवस साधून केलं. पण वेताळही आम्हाला कुणी फुकट दिला नव्हता, चार आणे मोजले होते. परदेशी म्हणाल तर 377 कलम इंग्रजांचं. आणि सीमा आता राहिल्या आहेत कुठे? 2023 मध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. त्यातली ग्वेन आपल्या पोलीस बापाला अखेर सांगते की आपण कोण आहोत. बाप तिच्यावर पिस्तूल रोखतो. तिच्या खोलीच्या दारावर निळ्या, गुलाबी, पांढऱ्या पट्ट्यांचा पारलिंगी मुलांचा झेंडा आहे. तो झेंडा कुठल्याही भाषेत डब करावा लागत नाही. ग्वेन पारलिंगी आहे, असं चित्रपट कुठेही म्हणत नाही, पण ज्या मुलांना बघायचं त्यांनी बघितलं. माझ्या भाचीनं तो प्रसंग मोबाईलवर थांबवून मला दाखवला. तिनं विचारलं, "मामा, बाप फुडं ऐकते का तिचं?" मी म्हटलं, ऐकतो. सरतेशेवटी तो नोकरी सोडतो.

मित्र आता पन्नाशीकडे आला आहे. या लेखांचे कच्चे खर्डे मी त्याला पाठवत होतो. नॉर्थस्टारच्या लग्नाचा लेख वाचून त्याचा फोन आला. लेखाबद्दल तो काही बोलला नाही. यंदा मंडई कधी आहे, एवढं विचारलं. मी तारीख सांगितली.

वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. मुलं असतील त्या घरात ते उघड्यावर, टीव्हीशेजारी, चहाच्या कपाखाली, कुठेही पडू द्या. कुणी चाळताना दिसलं तर का चाळतोस म्हणून विचारू नका. आणि त्यानं आपणहून काही सांगितलंच, तर ऐका, जेवायला बोलवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी हाक मारा.